डाव्या हातानं दिलेली चिमूट

न्यामिसेके गावातल्या स्टार्च कारखान्याच्या आवारात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कामगार तर होतेच, पण कसाव्याचे कंद घेऊन आलेले शेतकरीही गाड्या तशाच सोडून आत घुसले होते. सरोवरावरचे कोळी जाळी किनाऱ्यावर टाकून आले होते आणि शाळेतली पोरं भिंतीवर ओळीनं बसली होती. सगळ्यांच्या मधोमध एका स्टुलावर पांढरी एनॅमलची परात होती. परातीमागे डॉक्टर न्गासा उभा होता.

हा डॉक्टर कुठल्या इस्पितळातला नव्हे. तो म्गांगा, चेटकिणी हुडकून देणारा. गळ्यात कवड्या, कमरेला रानमांजराचं कातडं, पायात मात्र नवेकोरे चकचकीत बूट. आपण सात वर्षं सरोवराच्या तळाशी राहिलो, तिथल्या आत्म्यांकडे शिकलो, असं तो अर्धा तास सांगत होता. सात वर्षं पाण्याखाली काढलेल्या या माणसाला आवारातली धूळ सोसत नव्हती. दर दोन वाक्यांनी त्याला शिंक येत होती आणि प्रत्येक शिंकेला तो एका आत्म्याचं नाव देत होता. लोक माना डोलावत होते.

त्याच्यामागे तुंबो पडलं होतं. तुंबो म्हणजे पोट. कारखान्याचं सांडपाणी ज्या झाकलेल्या तळ्यात जाई, त्यावरच्या काळ्या जाड कापडाला गावानं दिलेलं हे नाव. त्या पाण्यातून गॅस निघे, कापड टम्म फुगे, गॅस नळीतून स्टार्च सुकवायच्या भट्टीत जाई आणि उरलेला बाजूच्या उंच नळीच्या तोंडाशी जळत राही. चार वर्षं ती ज्योत विझली नव्हती. आता नऊ दिवस झाले, ज्योत गेली होती. कापड लोळागोळा होऊन पाण्यावर पसरलं होतं. भट्टी थंड, म्हणून कारखाना बंद, म्हणून दोनशे माणसं घरी. शाळेचा स्वयंपाकही याच गॅसवर व्हायचा. तिथल्या बायका परत लाकडं फोडायला लागल्या होत्या. त्यात ओढ्यावर पाणी प्यालेल्या शेळ्या मेल्या, एक लहान मूल तीन दिवस उलट्या करत होतं. कुणीतरी चेटूक करून आग बांधली आहे, असं आधी भट्टीवाले म्हणाले. मग सगळेच म्हणू लागले.

गावातल्या पिकल्या केसांच्या सतरा बायका रांगेत उभ्या केल्या होत्या. प्रत्येकीनं पुढे यायचं, न्गासा तिच्या तळहातावर पूर्वजांचं पीठ म्हणून एक चिमूट टाकणार, तिनं ते दोन्ही हातांना चोळायचं आणि परातीत हात धुवायचे. निर्दोष बाईचे हात धुतल्यावर पाणी पाणीच राहील. आग बांधणारीचे धुतले की त्याचं रक्त होईल. प्रत्येक बाईनंतर त्याचा चेला परात ओतून टाकी आणि डॉक्टरच्या कॅनमधलं नवं पाणी घाली.

अकरा बायका सुटल्या. सुटलेली प्रत्येक जण कमरेला गुंडाळलेल्या खांग्याच्या टोकानं हात पुसत, मागे न बघता, जवळजवळ पळतच गर्दीत शिरत होती. बारावी होती न्क्विंबा आजी.

न्क्विंबा आजी ओढ्याच्या काठाला एकटी राही. नवरा गेलेला, मुलगा म्वांझा शहरात. तिचे डोळे बारमाही लाल असत, कडा सुजलेल्या, सारखं पाणी. लाल डोळे ही चेटकिणीची खूण असं गाव मानी, म्हणून पोरं तिच्या दारावरून जाताना धावत जात. तिनं पीठ चोळलं, हात पाण्यात घातले, आणि पाणी लाल झालं.

आधी बोटांभोवती गुलाबी धागे सुटले, मग अख्खी परात रंगली. गर्दीतून एक लांब आवाज निघाला, कण्हल्यासारखा. पुढची रांग मागच्यांच्या पायांवर चढली. आजीनं हात बाहेर काढले आणि ते आपले नसावेत तशी त्यांच्याकडे बघत राहिली. कोयतेवाले गावरक्षक भिंतीला टेकून उभे होते, ते सरळ झाले.

प्रयोगशाळेच्या पायरीवर लिमी उभी होती. तिनं तो रंग बघितला आणि लगेच ओळखला.

लिमी कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळायची. सव्वीस वर्षांची, एकटीच. रोज सकाळी तुंबोमधलं पाणी आणायचं, गाळायचं, उकळून त्याची वाफ थंड करायची, त्यात एका औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि मग क्षार थेंबाथेंबानं सोडायचा. जितकं पाणी आंबट, तितका क्षार जास्त लागे. क्षार पुरला की काचपात्रातलं पाणी एका थेंबात गुलाबी होई. चार वर्षांत तिनं तो गुलाबी रंग हजारदा पाहिला असेल. झोपेत दाखवला तरी ओळखला असता.

आणि ज्या औषधानं तो होतो, त्याची बाटली गेल्या आठवड्यात अर्धी झालेली तिला दिसली होती. आपल्याच हातून सांडलं असेल म्हणून ती गप्प बसली होती.

गप्प ती आधीही बसली होती. पंधरा दिवसांपूर्वी तिनं सुपरवायझर मचिब्याला सांगितलं होतं की आंबटपणा दुप्पट झाला आहे, पाणी सोडणं आजच्या आज थांबवा, चुना टाका. मचिब्या हसला. परदेशातून मालाची मोठी मागणी आली होती, त्यानं दुप्पट कंद दळायला घेतले होते, दुप्पट सांडपाणी तुंबोमध्ये जात होतं. चुना संपलाय, म्हणाला. दुसऱ्या दिवशी आकडा चौपट झाला. तिनं वहीत लिहिला आणि पुन्हा सांगायला गेली, तेव्हा त्यानं विचारलं की नोकरी नकोशी झाली आहे का. ती परत आली. पाच दिवसांनी ज्योत विझली. मग तळं तुंबलं म्हणून त्यानं कच्चं सांडपाणी सरळ ओढ्यात सोडलं. कडू कसाव्याच्या त्या पाण्यात विष असतं. तुंबोमध्ये ते जिरून जातं, ओढ्यात नाही. न्क्विंबा आजीच्या तीन शेळ्या मेल्या आणि तीच एकटी काठी टेकत गावकचेरीत तक्रार द्यायला गेली. कारखान्याच्या पाण्यानं मेल्या, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

सतरा बायकांमधून नेमकी तिचीच परात लाल झाली होती.

न्गासा आता रंगात आला होता. या बाईनं तुंबोच्या काठाला शिंग पुरलंय, तो म्हणत होता, त्या शिंगात आग कोंडलीय, ही जोवर या मातीवर चालते तोवर आग सुटायची नाही. तो मारा म्हणाला नाही. हे लोक कधीच तसं म्हणत नाहीत. ते फक्त वाक्य अर्धं सोडतात आणि पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. उरलेलं वाक्य गाव पुरं करतं.

लिमीची थोरली मावशी अशाच एका अर्ध्या वाक्यात गेली होती. लिमी तेव्हा अकरा वर्षांची होती. कुणी मारलं हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि पोलिसांना कुणीच सांगितलं नाही. मावशीचेही डोळे लाल होते.

ती पायऱ्या उतरली. लोक बाजूला होत गेले ते तिच्या पांढऱ्या कोटामुळे असावं. ती परातीपाशी पोचली.

"थांबा," ती म्हणाली.

मचिब्या पुढच्या खुर्चीवर गावप्रमुख लुहेंडेंच्या शेजारी बसला होता. तो उठला. "लिमी, आत जा. हे तुझं काम नाही."

"माझंच काम आहे, साहेब. रोज सकाळी करते तेच."

ती आजीकडे वळली आणि तिनं वाकून, वडीलधाऱ्यांना करतात तसा गुडघे टेकून नमस्कार केला. गर्दीत कुजबुज झाली. मग तिनं विचारलं की हात धुवायच्या आधी या माणसानं तुम्हाला काय दिलं.

"पीठ दिलं," आजी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला आणि तो रागाचा होता. "पण डाव्या हातानं दिलं. कुत्र्याला टाकतात तसं. त्याच्या आजीच्या वयाची आहे मी. चेटकीण म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, पण डाव्या हातानं देतात का कुणी?"

हे लोकांना लागलं. कोयतेवाल्यांतलाही एक जण अस्वस्थ झाला. लिमीनं सुटलेल्या अकरा बायकांना विचारलं, तुम्हाला कोणत्या हातानं दिलं? उजव्या, एक जण म्हणाली. मलाही उजव्या. सगळ्यांना उजव्या. न्गासाच्या कमरेला दोन बटवे होते, उजवीकडे एक, डावीकडे एक, आणि आता आवारातला प्रत्येक माणूस ते बटवे बघत होता.

"माझा हात मी हलवत नाही," न्गासा म्हणाला. "आत्मे हलवतात. चेटकिणीसमोर आले की ते डावीकडे जातात."

"बरं," लिमी म्हणाली. "मग आत्म्यांनी तुमच्या कॅनमध्ये काय घातलंय ते बघू."

तिनं परात ओतली आणि चेला हात आडवा घालायच्या आत कॅनमधलं नवं पाणी भरलं. स्वच्छ पाणी. कारखान्याच्या फाटकाशी चहा विकणारी क्वांगू कोपऱ्यात उभी होती. लिमीनं तिच्याकडे चुलीतली राख मागितली. क्वांगूनं पातेल्याच्या झाकणावर मूठभर आणली. लाकडाचीच राख, जिनं गावातली निम्मी घरं भांडी घासतात, कारण साबण परवडत नाही.

राख घेऊन लिमी लुहेंडेंसमोर उभी राहिली. लुहेंडे साठीचे, ताठ, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. त्यांनीच न्गासाला आवारात उभं राहायची परवानगी दिली होती. तिनं त्यांना आदरानं विनंती केली की ही राख हाताला चोळून परातीत हात धुवावेत. मीच धुतले तर माझ्यावर आळ घेतील, ती म्हणाली, तुमच्यावर कोण घेईल?

न्गासा घाईघाईनं सांगू लागला की यानं आत्मे कोपतील, गावावर साथ येईल. त्याची ही घाईच लुहेंडेंना खटकली असावी. ते उठले, बाह्या सारल्या, राख चोळली आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घातले.

पाणी लाल झालं. मघापेक्षाही लाल.

गावप्रमुखांच्या पांढऱ्या बाह्यांवर गुलाबी शिंतोडे उडाले होते. मग भिंतीवरचं एक पोर हसलं, आणि त्याच्या आईनं त्याला हटकलं नाही.

"आता कोण म्हणेल," लिमीनं गावरक्षकांकडे बघत विचारलं, "की गावप्रमुखांनी आग बांधली?"

क्वांगूच्या टपरीवर चहासाठी लिंबं असायची. लिमीनं एक कापून परातीत पिळलं. रंग फिका झाला. दुसरं पिळलं. रंग गेला. पाणी जसं होतं तसं.

"रक्त लिंबानं जात नाही," ती म्हणाली. "हे रक्त नाही. या कॅनमध्ये औषध आहे. आंबट किंवा साध्या पाण्यात ते दिसत नाही. राख, साबण, चुना, असलं काही लागलं की लाल होतं. ते औषध माझ्या प्रयोगशाळेतलं आहे. कोणीही या, राख लावा, हात धुवा."

लोक आले. आधी पोरं, मग कोळी, मग त्या सुटलेल्या अकरा बायका. चेल्याला कॅन सोडून बाजूला व्हावं लागलं. एक कोळी दहा वेळा हात धुऊन दर वेळी नव्यानं चकित होत होता. लुहेंडेंनी मात्र डावा बटवा हिसकावून घेतला आणि खुर्चीवर उलटा केला. पांढरी भुकटी पडली. त्यांनी ओल्या बोटानं चाखायचा प्रयत्न केला आणि जीभ भाजल्यासारखे थुंकले.

"चुना," लिमी म्हणाली. "आमच्या गोदामातला. जो संपलाय म्हणून मला सांगितलं होतं. बाबा, तुंबो कुणी बांधलं नाही. ते आंबलं. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात, दोन जातींचे. एक जात घाण खाऊन आम्ल करते, दुसरी ते आम्ल खाऊन गॅस करते. पहिली जात झपाट्यानं वाढते, दुसरी हळू. एकदम दुप्पट घाण ओतली की पहिलीचं फावतं, आम्ल साठतं, आणि त्या आम्लात दुसरी जात मरते. मग गॅस कुठून येणार? अशा वेळी घाण सोडणं थांबवायचं आणि चुना घालायचा, म्हणजे आम्ल मरतं. मी पंधरा दिवसांपूर्वी हेच सांगितलं होतं. वहीत तारखेनिशी लिहिलंय. तुंबोमध्ये टाकायला चुना नव्हता. आजीच्या हातावर टाकायला होता."

लुहेंडेंनी विचारलं की औषध या माणसाला मिळालं कसं.

"कपाटाच्या दोन किल्ल्या आहेत," लिमी म्हणाली आणि कोटाच्या खिशातून आपली काढून खुर्चीवर ठेवली. दुसरी कुणाकडे आहे हे तिला सांगावं लागलं नाही. कारखान्यातला प्रत्येक कामगार मचिब्याच्या कमरेच्या जुडग्याकडे बघत होता.

मचिब्या म्हणाला की पोरगी खोटारडी आहे, या क्षणापासून तिला कामावरून काढलंय. ते ऐकून भट्टीवरचे कामगार हसले. नऊ दिवस पगाराविना घरी बसलेल्या माणसांचं हसू होतं ते. न्गासा तेवढ्यात फाटकाकडे निघाला होता. ज्या गावरक्षकांना त्यानं कोयते घेऊन बोलावलं होतं, त्यांनीच त्याला धरून आणलं. काहींनी हात उचलला. लिमी ओरडली की मारू नका, मारायचं असतं तर तुम्हाला थांबवलं कशाला. लुहेंडेंनी जीप मागवून न्गासाला, त्याच्या चेल्याला आणि त्या कॅनला तालुक्याच्या पोलीस चौकीत पाठवलं. मचिब्याला जीपमध्ये कुणी बसवलं नाही. तो आपल्या मोटरसायकलवर गेला.

लिमी आजीकडे वळली. आजी होती तिथेच उभी होती, ओले हात शरीरापासून लांब धरून. आभार मानतील, जवळ घेतील, असं लिमीला वाटलं असेल तर ते चुकलं.

"पंधरा दिवस तुला माहीत होतं," आजी म्हणाली. "माझ्या शेळ्या मेल्या तेव्हाही माहीत होतं. मी कचेरीत एकटी उभी होते, लोक हसत होते. तेव्हा कुठं होतीस तू?"

नोकरी जाईल म्हणून, असं लिमीला सांगता आलं असतं, पण त्या बाईसमोर ते तोंडातून निघेना. तिनं फक्त मान खाली घातली. आजीनं तिला तशीच उभी ठेवली आणि काठी टेकत घरी गेली.

तुंबोला बरं व्हायला सात आठवडे लागले. सांडपाणी बंद ठेवलं, चुना घातला, रोज आकडा बघितला. मेलेल्या जिवाणूंच्या जागी नवे रुजवायला ताजं शेण लागतं, त्यातही ते असतात. गावानं गोठ्यागोठ्यांतून बादल्या भरून शेण आणलं. कापड आधी सुरकुत्या पडल्यासारखं हललं, मग एका बाजूनं फुगलं, आणि एका सकाळी भट्टीवाल्यानं नळीला काडी लावली तेव्हा निळी ज्योत टिकली. शाळेत त्या दिवशी मक्याच्या पिठाची उगाली गॅसवर शिजली. कारखान्याच्या फाटकावर आता फळा आहे. आंबटपणाचा आकडा लिमी रोज त्यावर लिहिते आणि आकडा वाढला तर काय करायचं हे चहावाल्या क्वांगूलाही तोंडपाठ आहे.

न्गासा चार महिन्यांत सुटला. सरोवरापलीकडच्या कुठल्याशा गावात नव्या नावानं बसतो म्हणतात. मचिब्याची कारखान्यानं दुसरीकडे बदली केली, बढतीवर.

ज्योत लागली त्या दिवशी लिमी न्क्विंबा आजीला बोलवायला गेली होती. शाळेच्या स्वयंपाकघराशेजारी म्हाताऱ्या बायकांना फुकट चूल वापरता यावी, अशी तिनं सोय करून घेतली होती. आजी तेव्हा ओल्या लाकडांवर दगा मासळी शिजवत होती. खोपट धुरानं भरलं होतं. पाच मिनिटांत लिमीच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. बाहेर येऊन तिनं डोळे चोळले आणि ज्या गाडीतून आली होती तिच्या आरशात पाहिलं, तर तेही लाल झाले होते. आजी तिच्याकडे बघून पहिल्यांदाच हसली.

"आता तूही," ती म्हणाली. मग हसू गेलं. "एक विचारू? त्यानं परातीऐवजी दुसरं काही आणलं असतं, जे तुला ठाऊक नाही असं, तर?"

लिमीनं खोटं सांगितलं नाही. "तर मला कळलं नसतं, आजी."

"मग मला मारलं असतं."

"हो."

आजीनं कालवण उतरवलं, आग विझवली आणि ती लिमीबरोबर निघाली. पण तिच्या या प्रश्नापासून आपल्यालाही सुटका नाही. प्रत्येक परातीपाशी औषध ओळखणारी लिमी उभी नसते. आणि ती असावीच का लागावी? त्या आवारात तीनशे माणसं होती. बाईनं हात धुतलेलं पाणी लाल झालं म्हणून दोनशे माणसांचा कारखाना तिनं बंद पाडला असं ठरतं का, असं एकानंही विचारलं नाही. आंबटपणाचं गणित न येणाऱ्यालाही हे विचारता येतं. चुना, राख, लिंबू यांतलं काही माहीत नसणाऱ्यालाही इतकं म्हणता येतं की पाणी कशानं लाल झालं हे मला ठाऊक नाही, आणि मला ठाऊक नाही म्हणून मी कुणाचा जीव घेणार नाही. एवढ्यानं त्या दिवशी न्क्विंबा आजी लिमीशिवायही वाचली असती. एवढ्यानं लिमीची मावशीही वाचली असती. त्याला शिक्षण लागत नाही. तोंड उघडावं लागतं, आणि ते वेळेवर उघडावं लागतं.